तोच हा देवदत्त : चेहरा ओळखण्याच्या अभ्यासाचा इतिहास

भारतीय दर्शनांत प्रत्यभिज्ञेची चर्चा निघाली की एक ठरीव उदाहरण येते : 'तोच हा देवदत्त'. पूर्वी केव्हातरी पाहिलेला 'तो' आणि आत्ता समोर उभा असलेला 'हा' एकच आहेत असे ज्ञान होते, तेव्हा नेमके काय घडते? नैयायिकांच्या मते ते संस्कारांच्या साहाय्याने होणारे एकसंध प्रत्यक्ष ज्ञान होय. बौद्ध तार्किकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते तिथे दोन वेगळी ज्ञाने आहेत, समोरच्याचा अनुभव आणि मागच्याचे स्मरण, आणि आपण त्या दोहोंना एक समजतो. या वादाचा निकाल लावण्याचा अधिकार माझा नाही. प्राचीनांना मेंदूविज्ञान अवगत होते असला, हल्ली वारंवार कानावर येणारा दावाही मला करायचा नाही. पण गेल्या दीडशे वर्षांत चेहरा ओळखण्याच्या क्रियेचा जो अभ्यास झाला, त्याचा इतिहास वाचताना हा वाद पुनःपुन्हा आठवतो. पाहणे आणि ओळखणे ही एक क्रिया की दोन, हाच प्रश्न तिथेही, वेगळ्या वेशात, उभा राहिलेला दिसतो.

साहित्याच्या अभ्यासकाला 'ओळख' हा विषय नवा नाही. ॲरिस्टॉटलने 'काव्यशास्त्रा'त ओळख पटण्याचे प्रकार सांगितले आणि त्यांत खुणांवरून पटणाऱ्या ओळखीला कलादृष्ट्या सर्वांत खालचे स्थान दिले. ओडिसियसला त्याची वृद्ध दाई पायावरच्या व्रणावरून ओळखते. शाकुंतलात राजापुढे शकुंतला प्रत्यक्ष उभी असताना त्याला ती ओळखू येत नाही आणि पुढे एक अंगठी सारे परत आणते. व्रण, अंगठी, आवाज, हस्ताक्षर यांची चर्चा काव्यमीमांसेत भरपूर आहे. चेहऱ्याची मात्र जवळजवळ नाही. याचे कारण उघड आहे. चेहरा पाहिला की माणूस ओळखू येतो हे गृहीतच होते. ते फसायचे तर शाप हवा, वेषांतर हवे किंवा वीस वर्षांचा विरह तरी हवा. ओळखण्याची यंत्रणाच मोडू शकते, आणि तीही बाकीची दृष्टी शाबूत असताना, ही शक्यता नाटककारांना सुचली नाही. वैद्यकालाही ती फार उशिरा सुचली.

१८६७ साली इटलीतील क्वाल्यिनो व बोरेल्ली या दोन डॉक्टरांनी एका चोपन्न वर्षांच्या गृहस्थाची हकिकत प्रसिद्ध केली. मेंदूतल्या रक्तस्रावाच्या झटक्यानंतर त्याची डावी बाजू लुळी पडली होती. दृष्टी परत आली. बारीक अक्षरही तो वाचू शकत असे. पण रंग गेले होते आणि ओळखीच्या माणसांचे चेहरे व घरांचे दर्शनी भाग त्याला ओळखू येईनासे झाले होते. पुढे १८८३ मध्ये पॅरिसमध्ये शार्को या ख्यातनाम मज्जातज्ज्ञाने असाच एक रुग्ण वर्णिला. हा सुशिक्षित व्यापारी ग्रीक व लॅटिन जाणणारा होता आणि एकदा पाहिलेली गोष्ट जशीच्या तशी डोळ्यांपुढे आणण्याची त्याची शक्ती असाधारण होती. ती शक्ती अचानक गेली. बायकोमुलांचे चेहरे त्याला आठवेनात. एका सार्वजनिक दालनात कुणीतरी आपली वाट अडवून उभे आहे असे वाटून त्याने त्या व्यक्तीची क्षमा मागितली, आणि ती व्यक्ती म्हणजे आरशातले त्याचेच प्रतिबिंब होते.

या हकिकती पुष्कळ काळ सुट्या सुट्याच राहिल्या. चेहरे न ओळखणे हे एकतर एकूणच वस्तू न ओळखण्याचा भाग मानले जाई, नाहीतर स्मृतिभ्रंशाचा. त्याला स्वतंत्र विकार म्हणून नाव मिळाले ते १९४७ साली. नाव देणारा योआखिम बोडामर हा जर्मन मनोविकारतज्ज्ञ. त्याच्यापुढे आलेले रुग्ण युद्धाने पाठवलेले होते. दोन्ही महायुद्धांनी मेंदूविज्ञानाला जे दिले ते सांगताना अवघडल्यासारखे होते. वेगवान गोळ्यांनी आणि बाँबच्या तुकड्यांनी तरुण, एरवी निरोगी माणसांच्या मेंदूंत नेमक्या जागी भोके पाडली, आणि त्या भोकांवरून कुठल्या जागी काय चालते हे डॉक्टरांना वाचता आले.

बोडामरचा पहिला रुग्ण, ज्याला तो नुसते 'एस.' म्हणतो, चोवीस वर्षांचा सैनिक होता. १९४४ मध्ये त्याच्या डोक्याला जखम झाली. काही आठवडे तो पूर्ण आंधळा होता; मग हळूहळू दिसू लागले. बोडामरने या माणसाचे जे वर्णन केले आहे ते रुग्णवृत्तान्ताच्या वाङ्मयात अव्वल दर्जाचे मानावे असे मला वाटते. एस.ला चेहरा हा चेहरा आहे हे कळत असे. नाक, डोळे, तोंड, सुरकुत्या तो एकेक करून दाखवू शके. पण ते सारे मिळून कुणाचे, हे त्याला सांगता येत नसे. सगळे चेहरे त्याला सारखेच कोरडे, बेचव वाटत. पांढऱ्या लंबगोल थाळ्यांसारखे सपाट, आणि त्यांत काळेभोर ठळक डोळे. चेहऱ्यावरचे हावभाव हलताना दिसत, पण त्यांचा अर्थ लागत नसे. आरशासमोर उभे केले तेव्हा समोरचा चेहरा आपलाच असणार हे त्याने तर्काने ठरवले. तो आपला वाटला नाही. माणसे तो ओळखी ती आवाजावरून, चालीवरून, केसांवरून, चष्म्यावरून. म्हणजे पुन्हा व्रण आणि अंगठीच. ॲरिस्टॉटलने ज्या ओळखीला शेवटची पायरी दिली, तिच्यावर या माणसाचा सारा संसार उभा होता.

बोडामरने या विकाराला 'प्रोसोपॅग्नोझिया' म्हटले. ग्रीकमध्ये 'प्रोसोपॉन' म्हणजे चेहरा. रंगभूमीवरचा मुखवटाही तोच, आणि पुढे व्यक्ती या अर्थानेही तोच शब्द आला. निर्जीवाला तोंड देऊन बोलते करणाऱ्या 'प्रोसोपोपिया' या अलंकाराच्या नावातही हाच शब्द आहे. विकाराचे नाव ठेवणाऱ्याला हे सगळे पदर अभिप्रेत होते की नव्हते हे सोडून देऊ. चेहरा, मुखवटा आणि व्यक्ती यांची गाठ या नावात आपोआपच पडली आहे.

नाव मिळाले तसा संशयही सुरू झाला. आक्षेप असा की चेहऱ्यांसाठी मेंदूत काही वेगळी सोय आहे असे मानण्याची गरज काय? चेहरे सगळे एकाच साच्याचे असतात. त्यांतला फरक बारीक असतो. बारीक फरक जाणण्याची सर्वसाधारण शक्ती क्षीण झाली तर पहिला फटका चेहऱ्यांना बसणारच. या आक्षेपाला बळ देणारे रुग्ण होतेही. १९६० च्या दशकात बोर्नस्टाइनने ज्यांची नोंद केली त्यांत एका पक्षिनिरीक्षकाला चेहऱ्यांबरोबर पक्षीही ओळखू येईनासे झाले होते, आणि एका शेतकऱ्याला आपल्या गायी. गुराख्याला कळपातले प्रत्येक जनावर तोंडावरून ओळखता येते हे खेड्यात वाढलेल्या वाचकाला सांगायला नको. तेव्हा हे केंद्र चेहऱ्यांचे की सरावाचे, असा प्रश्न उभा राहिला.

उत्तर रुग्णांकडूनच आले, पण ते मिळायला तीस वर्षे लागली. १९९३ मध्ये मॅकनील व वॉरिंग्टन यांनी एका माणसाचा अभ्यास प्रसिद्ध केला. मेंदूतला रक्तपुरवठा खंडित झाल्याने त्याची चेहरे ओळखण्याची शक्ती गेली होती. त्यानंतर त्याने मेंढ्या पाळायला घेतल्या, आणि आपल्या कळपातल्या मेंढ्या तो चेहऱ्यावरून ओळखू लागला. माणसे मात्र ओळखू येईनात. म्हणजे बारीक फरक टिपण्याची शक्ती शाबूत होती; गेले होते ते काही वेगळेच. याच्या नेमका उलटा रुग्ण १९९७ साली मोस्कोविच, विनोकूर व बेरमन यांनी कॅनडातून पुढे आणला. 'सी. के.' या नावाने परिचित असलेल्या या माणसाला अपघातानंतर वस्तू ओळखता येत नव्हत्या, अक्षरे वाचता येत नव्हती. चेहरे मात्र तो तुमच्याआमच्या इतकेच सहज ओळखत असे. त्याला सोळाव्या शतकातील आर्चिम्बोल्दोची चित्रे दाखवण्यात आली. फळे, भाज्या, फुले रचून या चित्रकाराने माणसांची मुखे घडवली आहेत. सी. के.ला त्यांत चेहरा तत्काळ दिसला. तो फळाभाज्यांचा बनलेला आहे हे त्याला उमगले नाही. एका चित्रकाराची साडेचारशे वर्षांपूर्वीची चमत्कृती मेंदूच्या दोन वाटा वेगळ्या करणारी कसोटी ठरली, याहून सुंदर योगायोग या इतिहासात मला आढळलेला नाही.

दरम्यान एक वेगळा प्रवाह प्रयोगशाळेतून वाहत होता. पोलंडच्या येझी कोनोर्स्कीने १९६७ च्या आपल्या ग्रंथात असे भाकीत केले होते की मेंदूत 'ज्ञापक' पेशी असाव्यात, आणि त्यांतल्या काही केवळ चेहऱ्यांना प्रतिसाद देत असाव्यात. अमेरिकेत चार्ल्स ग्रॉस आणि त्याचे सहकारी माकडाच्या मेंदूतल्या पेशींचे विद्युत्संकेत टिपत होते. एका पेशीला प्रकाशाचे ठिपके, रेघा, काही केल्या जाग येईना. कंटाळून कुणीतरी पडद्यासमोर हात हलवला आणि पेशी खडबडून जागी झाली. पुढचे बारा तास त्यांनी कागदाचे निरनिराळे आकार कापून दाखवण्यात घालवले. आकार माकडाच्या हाताशी जितका जुळे, तितकी पेशी जोराने बोले. १९६९ व १९७२ मध्ये हे प्रसिद्ध झाले, तेव्हा वैज्ञानिक जगाने त्याकडे जवळजवळ पाहिलेच नाही. दहाएक वर्षे कुणी हा प्रयोग पडताळला नाही की खोडूनही काढला नाही. चेहऱ्याला प्रतिसाद देणाऱ्या पेशींचे सविस्तर वृत्तान्त ग्रॉसच्या गटाकडून आणि इंग्लंडमधील पेरेट व रोल्स यांच्याकडून १९८० च्या दशकाच्या प्रारंभी आले, तेव्हा कुठे विषय गंभीरपणे घेतला गेला.

या उपेक्षेमागे थोडी चेष्टाही होती, आणि ती चेष्टा साहित्यातून आली होती. एमआयटीतील जेरोम लेटविन याने १९६९ च्या सुमारास विद्यार्थ्यांना एक गोष्ट रचून सांगितली. अकाखी अकाखियेविच नावाच्या एका थोर पण उपेक्षित रशियन शल्यविशारदाने आईला ओळखणाऱ्या सुमारे अठरा हजार पेशी शोधून काढल्या. मग त्याच्याकडे आला पोर्टनॉय. आईच्या विचाराने पिसाळलेला. डॉक्टरने त्या पेशी काढून टाकल्या, आणि पोर्टनॉयला 'आई' हा शब्द कळे, पण त्याची स्वतःची आई म्हणजे काय ते कळेना. यशाने उत्तेजित झालेला डॉक्टर मग आजीच्या पेशींकडे वळला. गोगोलच्या 'ओव्हरकोट'मधला कारकून आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या फिलिप रॉथच्या कादंबरीचा नायक यांना एका टेबलावर आणणारी ही थट्टा. 'आजीची पेशी' हा शब्दप्रयोग तिथून मेंदूविज्ञानात रूढ झाला, आणि एका माणसासाठी एक पेशी असू शकेल का या खऱ्या प्रश्नावरही बरीच वर्षे हसण्याची सोय झाली.

त्याच वर्षी, १९६९ मध्ये, रॉबर्ट यिनने अगदी साध्या प्रयोगातून एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. कुठलेही चित्र उलटे धरले की ओळखायला अवघड जाते. पण चेहरा उलटा धरला की तो इतर वस्तूंपेक्षा फारच अवघड होतो. १९८० मध्ये पीटर थॉम्प्सनने मार्गारेट थॅचर यांच्या छायाचित्रातले डोळे आणि तोंड कापून उलटे चिकटवले. चित्र उलटे धरले तर त्यात फारसे वावगे वाटत नाही. सुलटे केले की अंगावर काटा येतो. चेहरा आपण नाक अधिक डोळे अधिक तोंड असा जुळवत नाही. त्यांच्यामधली अंतरे, त्यांचा परस्परसंबंध हाच चेहरा असतो. एस.ला अवयव दिसत होते आणि माणूस दिसत नव्हता, त्याचा अर्थ इथे लागतो. वृत्त न कळणाऱ्याला श्लोकातले सगळे शब्द कळावेत, तसे काहीसे.

जिवंत, निरोगी माणसाच्या मेंदूत डोकावण्याची साधने आली ती १९९० च्या दशकात. मॉन्ट्रियलमध्ये ज्युस्टीन सर्जां हिने १९९२ साली, आणि नंतर नॅन्सी कॅनविशर, मॅकडरमॉट व चुन यांनी १९९७ साली मेंदूच्या मागच्या व खालच्या भागातली एक जागा दाखवली. तिथली मेंदूची वळी चातीसारखी, मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळती असते, म्हणून तिला लॅटिनवरून 'फ्युजिफॉर्म' म्हणतात. चेहरा दिसला की तिचा एक लहानसा पट्टा, विशेषतः उजवीकडचा, इतर कुठल्याही वस्तूपेक्षा अधिक उद्दीपित होतो. कॅनविशर यांनी तपासलेल्या पंधरांपैकी बारा जणांत तो आढळला. वाद मिटला असे वाटत असतानाच इझाबेल गोतिए व मायकल टार यांनी 'ग्रीबल' नावाचे काल्पनिक प्राणी संगणकावर घडवले, लोकांना त्यांच्यात तरबेज केले आणि दाखवले की सरावानंतर हीच जागा ग्रीबलांनाही प्रतिसाद देऊ लागते. पक्षी आणि मोटारगाड्या यांच्या जाणकारांतही त्यांना असेच आढळले. गायी न ओळखणारा शेतकरी पुन्हा वादात उतरला म्हणायचा. या वादात दोन्ही बाजूंनी इतके लिहिले गेले आहे की त्याचा तपशील देण्यात अर्थ नाही. मला स्वतःला मेंढपाळाचा आणि सी. के.चा पुरावा अधिक वजनदार वाटतो.

पण जागा सापडली म्हणजे ओळख सापडली असे नाही. हा या इतिहासातला माझ्या मते सर्वांत खोल भाग, आणि तो साहित्याच्या अभ्यासकाने लक्षपूर्वक वाचावा असा आहे. १९८४ मध्ये रसेल बॉअर याने चेहरे न ओळखणाऱ्या एका रुग्णाला परिचितांची छायाचित्रे दाखवली, प्रत्येक वेळी काही नावे उच्चारली आणि त्याच्या त्वचेची विद्युत्वाहकता मोजली. भावना उचंबळली की तळव्यांना नकळत किंचित घाम येतो, हे त्यामागचे तत्त्व. रुग्ण नाव निवडू शकत नव्हता. पण चेहऱ्याचे खरे नाव उच्चारले की त्वचेचा प्रतिसाद पुष्कळदा वाढे. तोंडाने 'मी याला ओळखत नाही' म्हणणाऱ्या माणसाचे शरीर 'ओळखतो' म्हणत होते.

याची उलटी बाजू त्याआधी साठ वर्षे पॅरिसमध्ये नोंदलेली होती. १९२३ साली कापग्रा व रबूल-लाशो यांनी 'मादाम एम.'ची हकिकत प्रसिद्ध केली. तिचा नवरा, तिची मुले, शेजारी यांना कुणीतरी पळवून नेले असून त्यांच्या जागी हुबेहूब तोतये आणून ठेवले आहेत अशी तिची खात्री होती. तिने पोलिसांकडेही धाव घेतली होती. डॉक्टरांनी या भ्रमाला 'सोझी'चे नाव दिले. ॲम्फिट्रिऑनच्या कथेतला हा नोकर. देव त्याचेच रूप घेऊन त्याच्या दारात उभा राहतो. प्लॉटसने ती कथा रंगभूमीवर आणली, १६६८ मध्ये मोलिएरने, आणि फ्रेंचमध्ये 'सोझी' हा शब्दच हुबेहूब दिसणाऱ्या माणसासाठी रूढ झाला. प्रेक्षक ज्याला हसत होते ते या बाईच्या घरात चालले होते.

पुष्कळ वर्षे या भ्रमाचे अर्थ मनोविश्लेषणाच्या भाषेत लावले गेले. १९९० मध्ये हेडन एलिस व अँड्रू यंग यांनी सुचवले की हा विकार चेहरे न ओळखण्याच्या विकाराचे आरशातले प्रतिबिंब असावा. एकात रूप ओळखीला पोचत नाही, पण आपलेपणाची लहर येते. दुसऱ्यात रूप बिनचूक जुळते, पण लहर येत नाही. समोरची स्त्री सर्वार्थाने आईसारखी आहे आणि तिला पाहून आतून काहीच उमटत नाही, तर मन काय निष्कर्ष काढील? ही आई नव्हे. १९९७ मध्ये त्यांच्या गटाने अशा रुग्णांच्या त्वचेचे मोजमाप केले. परिचित चेहऱ्यांना वाढीव प्रतिसाद खरोखरच नव्हता. भ्रमाला आणखीही काही कारण लागत असणार, कारण आपलेपणा आटलेल्या प्रत्येकाला तोतये दिसत नाहीत. पण 'तो' आणि 'हा' यांना जोडणारा सांधा उसवू शकतो, आणि दोन्ही बाजूंनी उसवू शकतो, एवढे पक्के झाले. दुष्यंताला शापाने झाले त्याला आता दोन निरनिराळी नावे आहेत. तो शकुंतलेला पाहतो, तिचे रूप त्याला मोहवते, आणि ती आपली आहे असे मात्र वाटत नाही. यांपैकी कुठल्या नावात तो बसतो हे ठरवण्याचा उद्योग मी करणार नाही. कालिदासाला निदान द्यायचे नव्हते. पण राजदरबारातला तो प्रवेश शिकवताना 'शापामुळे विसरला' एवढ्यावर थांबावेसे आता वाटत नाही.

पेशींच्या पातळीवरही हीच दोन टोके पुढे सापडली. २००६ मध्ये डोरिस त्साओ, विनरिक फ्रायवाल्ड व सहकाऱ्यांनी मकाक माकडांच्या मेंदूत चेहऱ्याला प्रतिसाद देणाऱ्या एका पट्ट्यातल्या पेशी तपासल्या. त्यांपैकी ९७ टक्के केवळ चेहऱ्यांसाठी जाग्या होत होत्या. २०१७ मध्ये चँग व त्साओ यांनी दाखवले की यांतली कुठलीही पेशी एखाद्या माणसाला ओळखत नाही. प्रत्येक पेशी चेहऱ्याचे एखादेच मान मोजते, आणि सुमारे दोनशे पेशींच्या मोजमापांवरून माकडाने पाहिलेला चेहरा संगणकावर जवळजवळ हुबेहूब पुन्हा रेखता येतो. ही झाली 'हा'ची बाजू. 'तो'ची बाजू २००५ मध्ये लॉस एंजेलिस येथे सापडली होती. अपस्माराच्या उपचारासाठी मेंदूत विद्युदग्रे बसवलेल्या रुग्णांत किरोगा, फ्रीड व सहकाऱ्यांना, स्मृतीशी संबंधित खोल भागात, काही विलक्षण पेशी आढळल्या. त्यांतली एक हॅली बेरी या अभिनेत्रीच्या छायाचित्रांना प्रतिसाद देई, तिच्या रेखाचित्राला देई, कॅटवुमनच्या मुखवट्याआडच्या तिलाही देई, आणि पडद्यावर नुसती तिच्या नावाची अक्षरे आली तरी देई. लेटविनची आजी पूर्णपणे खोटी नव्हती तर. मात्र ही पेशी चेहरा पाहणारी नव्हे. चेहरा, मुखवटा आणि नाव यांच्या पलीकडे जे उरते त्याला उत्तर देणारी.

रुग्णांच्या कथांनी सुरू झालेला हा अभ्यास पुढेही रुग्णांच्या शब्दांवाचून चालला नाही. २०१२ मध्ये स्टॅनफर्ड येथे पार्विझी व सहकाऱ्यांनी एका रुग्णाच्या उजव्या फ्युजिफॉर्म वळीतल्या चेहऱ्याच्या जागेला सौम्य विद्युत्प्रवाह दिला. समोर बसलेल्या डॉक्टरचा चेहरा त्याच्या डोळ्यांदेखत बदलला. फक्त चेहरा, बाकी सगळे जागच्या जागी. प्रवाह थांबला, चेहरा परत आला. चित्रफितीतून हे जगाने पाहिले. पण पडद्यावर दिसतो तो नेहमीचाच डॉक्टर आणि चकित झालेला एक माणूस. काय बदलले ते त्याच्या सांगण्यावाचून कुठलेही यंत्र दाखवू शकत नाही. ऑलिव्हर सॅक्सने १९८५ मध्ये बायकोला टोपी समजणाऱ्या संगीतज्ञाची कथा लिहिली, तेव्हा त्याच्यावर रुग्णांचे साहित्य केल्याचा आरोप झाला. स्वतः सॅक्सलाही चेहरे ओळखू येत नसत; जन्मभर सोसलेल्या या अडचणीवर त्याने २०१० साली लिहिले. जन्मजात असा दोष शंभरांत एकदोघांना असतो असे आता मानले जाते, आणि त्यांतल्या पुष्कळांना इतरांना वेगळे काही दिसते हे कित्येक वर्षे माहीतही नसते.

चेहऱ्याची ही जागा जन्मतः मिळते की घडते? २०१७ मध्ये मार्गारेट लिव्हिंगस्टन यांच्या प्रयोगशाळेत, चेहरा एकदाही न दाखवता वाढवलेल्या माकडांच्या मेंदूत चेहऱ्याचे पट्टे तयार झालेच नाहीत, हातांचे झाले. माकडाच्या पिलाला जन्मल्यापासून मुखवटाधारी माणसांनी हाताळावे हा प्रयोग मला निर्घृण वाटतो, आणि त्याच्यावर आक्षेपही घेतले गेले आहेत. माणसांच्या बाबतीत असे काही करायचे नसते. पण दारिद्र्य ते करते. दाट मोतीबिंदू घेऊन जन्मलेली आणि वेळेवर उपचार न मिळालेली मुले भारतात आहेत. पवन सिन्हा यांच्या 'प्रोजेक्ट प्रकाश'ने अशा मुलांवर शस्त्रक्रिया करवल्या आणि त्यांची दृष्टी कशी घडते याचा मागोवा घेतला. डोळे उघडल्यावर सुरुवातीला या मुलांना चेहरा आणि चेहऱ्यासारखा आकार यांत फरक करणे जमत नसे. काही महिन्यांत ते पुष्कळ सुधारले. याउलट कॅनडातील अभ्यासांत असे दिसले की तान्हेपणीचे पहिले काही महिने अंधारात गेलेल्या मुलांना मोठेपणीही चेहऱ्यांमधली बारीक अंतरे टिपणे जड जाते. काही शिकता येते, काहीची वेळ निघून जाते.

शेवटी वाचणाऱ्यांशी थेट संबंध असलेली एक गोष्ट. लिपीला जेमतेम पाच हजार वर्षे झाली. तिच्यासाठी मेंदूत जन्मतः जागा असणे शक्य नाही. साक्षरतेमुळे डाव्या बाजूला अक्षरांची एक जागा तयार होते, आणि ती चेहऱ्यांच्या जागेला लागून असते. २०१० मध्ये स्तानिस्लास दहान व सहकाऱ्यांनी ब्राझील व पोर्तुगाल येथील साक्षर आणि निरक्षर प्रौढांची तुलना करून म्हटले की वाचन आले की त्या जागेचा चेहऱ्यांना मिळणारा प्रतिसाद थोडा उतरतो. म्हणजे पुस्तकाने चेहऱ्याची जागा बळकावली. या कल्पनेत एक काव्यमय न्याय आहे आणि ती लवकर लोकप्रिय झाली. पुस्तकी माणसाला माणसे कळत नाहीत ही म्हातारी तक्रार जणू यंत्राने सिद्ध केली. २०१९ मध्ये हर्व्हे-अडेलमन, ह्यूटिग, रमेश मिश्रा आणि सहकाऱ्यांनी लखनौजवळच्या खेड्यांतील साक्षर, अर्धसाक्षर आणि निरक्षर हिंदी भाषकांना तपासले. लिपी आपलीच, देवनागरी. वाचता येणाऱ्यांच्या त्या भागात अक्षरांना प्रतिसाद वाढलेला होता. चेहऱ्यांना मिळणारा प्रतिसाद घटलेला आढळला नाही.